जमाबंदी आयुक्तांना खुले पत्र : मावळचे जुने नकाशे छापा

मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,

महोदय,


आपल्याकडे येणाऱ्या टपालात हद्दीचे वाद असतात, अपिले असतात, मोजणीची तारीख लांबल्याची गाऱ्हाणी असतात. हे पत्र त्या जातीचे नाही. माझे कुणाशी बांधावरून भांडण नाही आणि कुठल्या उताऱ्यावर नाव चढायचे राहिलेले नाही. मला आपल्या विभागाकडचे काही जुने नकाशे हवे आहेत. पुरावा म्हणून नव्हे, वाचायला. आणि मला एकट्यालाच नव्हे. मावळातल्या कुणालाही ते वडगावच्या एसटी स्टँडवर दिनदर्शिका मिळते तितक्या सहज मिळावेत असे वाटते, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

मागणी अशी. मावळ तालुक्याच्या पहिल्या मोजणीचे गाव नकाशे, लोणावळा-खंडाळा आणि तळेगाव दाभाडे यांच्या नगर भूमापनाची जुनी शीटे आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची शीटांमधला आमचा भाग, हे सगळे आहे तसे छापा. घडी घालून पिशवीत मावेल अशा कागदावर, मागच्या कोऱ्या बाजूला त्या गावाची माहिती घालून, रास्त किमतीत विक्रीला ठेवा.

ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही. इंग्लंडात ॲलन गॉडफ्री या गृहस्थांनी १९८० च्या दशकात हा उद्योग सुरू केला. तिकडच्या ऑर्डनन्स सर्व्हेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे गावोगावचे जे तपशीलवार नकाशे केले होते, ते थोडे लहान करून, घडीचे करून ते छापू लागले. मागच्या बाजूला स्थानिक इतिहासाच्या एखाद्या जाणकाराचे टिपण. कोळशाच्या खाणीशेजारच्या वस्त्या, गोदीमागच्या गल्ल्या, पुढे पाडल्या गेलेल्या गिरण्या, सगळे त्यात घराघरांनिशी दिसते. आजोबांच्या लग्नाच्या दाखल्यावर गल्लीचे नाव सापडले की नातू तो नकाशा विकत घेतो आणि शाळा किती लांब होती, चर्च कोणते, दारूचा गुत्ता कोणत्या कोपऱ्यावर, हे बोटाने शोधत बसतो. एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने तर असले हजारो जुने नकाशे संगणकावर फुकट पाहायला ठेवले आहेत. जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून मागेपुढे करत पाहता येतो. आपली जमीन साखळीने मोजणारे राज्यकर्ते ते हेच. त्यांच्या देशात जुना नकाशा इतिहासाच्या कपाटात गेला. आपल्याकडे तो अजून कोर्टाच्या बस्त्यात आहे.

असे का, हे सांगायला आयुक्त लागत नाहीत. मुंबई आणि पुणे यांच्या बरोबर मधे पडलेला तालुका, त्यातून २००२ साली पूर्ण खुला झालेला द्रुतगती मार्ग, धरणकाठचे बंगले, डोंगरउतारावरचे प्लॉट. ज्या माळावर नाचणीसुद्धा धड येत नव्हती त्याला आज गुंठ्याचा भाव आहे. अशा तालुक्यात कुणी जुना नकाशा मागितला की समोरचा विचारतो, ‘कुठली केस आहे?’ केस नाही म्हटले तर संशय आणखी वाढतो. भावकीतला एखादा नकाशा काढायला गेला, ही बातमी तो घरी परतायच्या आत वाडीवर पोहोचलेली असते. भूकरमापक आला, हद्द कायम झाली, ‘क’ प्रत हातात पडली, की नकाशाचे काम संपले. नकाशा हे गावाचे चरित्रही असू शकते, हा विचार आपल्या रोजच्या व्यवहारात कुठेच बसत नाही.

आणि घराण्याचा माग काढायची हौस आपल्या लोकांना नाही, असे तर आता कुणी म्हणू शकणार नाही. कुलवृत्तांत छापायची परंपरा शतकभराची आहे. ते बहुतेक पांढरपेशा घराण्यांचे निघाले, हे खरे. पण नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत शेतकरी कुळांच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेल्या आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निम्मा महाराष्ट्र आपापल्या खापरपणजोबाच्या मागावर निघाला. कोतवाल बुक, खासरा पत्रक, पाहणी पत्रक हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. त्या सगळ्या धांदलीत एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली: दाखल्याचे काम झाल्यावरही काही जण कागद घेऊन बसलेलेच होते. पणजोबाचे नाव मिळाले, जात मिळाली, गाव मिळाले. आता तो राहत कुठे होता?

मुंबईचे डबेवाले घ्या. बहुतेक सगळे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. आजोबा अंधेरीला गेले, वडील तिथेच वाढले, नातू आता नवी मुंबईत संगणकावर काम करतो. जत्रेला येतो, देवाला नारळ फोडतो आणि विचारतो, ‘आपलं जुनं घर नक्की कुठं होतं?’ चुलते हात करून दाखवतात, ‘तिकडं, वड होता ना, त्याच्या अंगाला.’ वड रस्त्यात गेला. घराच्या जागी आता कुणाचे तरी कुंपण. घरातल्या ट्रंकेत एक वाटणीपत्र निघते, त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा बांध, दक्षिणेस गाडीवाट. आकडा जुन्या सर्व्हे नंबरचा. एकत्रीकरण योजनेनंतर गटाचे आकडे आले आणि तो नंबर आजच्या नकाशावर दिसेनासा झाला. आपल्याच विभागाने महाभूनकाशा या संकेतस्थळावर आजचे गाव नकाशे सर्वांना पाहायला ठेवले, त्याबद्दल खरोखर आभार. पण तिथे हा जुना कागद मुका राहतो. त्याला त्याच्या काळचाच नकाशा लागतो.

हे जुने गाव नकाशे किती बोलके आहेत, हे आपल्याला मी सांगणे म्हणजे पंढरपूरच्या बडव्याला विठ्ठल दाखवणे. पण हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून थोडे लिहितो. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज कोटींचे व्यवहार ज्या गुंठ्यात होतात, तो त्या साखळीच्या मापाचाच आहे. आठ इंचाला एक मैल या प्रमाणावर सबंध गाव एका कागदावर आले. त्यात गावठाण, विहीर, देऊळ, ओढा, तळे. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग. या तुटक रेघांवर मावळातल्या बायाबापड्यांचे निम्मे आयुष्य गेले: पाण्याला, बाजाराला, माहेराला. आज त्यांतल्या कितीतरी वाटा कुणाच्या तरी फाटकामागे आहेत. त्या परत मिळवायचा कायदा वेगळा, तो विषय मी इथे काढत नाही. कोणत्या गावचे लोक कोणत्या खिंडीतून कोणत्या गावाला जात, म्हणजे सोयरीक कुठे होत असणार, हे त्या रेघांवरून उमगते, एवढेच म्हणायचे आहे. आजी लोहगडाखालून तुंगाकडच्या वाडीत दिली गेली ती का, हे डांबरी रस्त्यांच्या नकाशावर कळतच नाही. तिथे ती दोन गावे एकमेकांना पाठ करून बसलेली दिसतात.

आता ज्या गावांना नकाशाखेरीज काहीच उरले नाही, त्यांच्याकडे येतो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ अशी आमची तीन खोरी. पावसाचे पाणी एवढे, की शतकापूर्वीच त्यावर उद्योगाची नजर गेली. टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी १९११ साली लोणावळ्यात झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी अडले, आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मग आंदर मावळात ठोकळवाडीला आंद्रा नदी अडली आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. शेजारच्या मुळशीत सेनापती बापट उभे राहिले, १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, म्हणून त्या बुडालेल्या गावांची आठवण इतिहासाच्या पुस्तकांत तरी आहे. आंदर मावळाच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

पुढे स्वातंत्र्यानंतर पवना. १९७२ च्या सुमारास धरण झाले, पाणी पिंपरी-चिंचवडला गेले आणि खोऱ्याचा तळ कायमचा झाकला. त्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत. त्यावर बोलणारे जाणते लोक आहेत, मी त्यात शिरत नाही. पण पाण्याच्या आधीचे खोरे ज्याला डोळ्यांपुढे आणायचे असेल त्याने काय करावे? गो. नी. दांडेकर तळेगावात राहत, त्यांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिली, ती वाचावी. उन्हाळ्यात पाणी उतरले की वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते, ते पाहून यावे. देवळाभोवती लोक फोटो काढतात, वर्तमानपत्रात बातमी येते. त्या देवळाकडे वाट कुठून येत होती, शेजारी कोणाची भातखाचरे होती, नदी कुठे वळत होती, गावठाण किती अंतरावर, हे मात्र कुणाला विचारावे? हे सगळे एका कागदावर आहे, आणि तो कागद आपल्या ताब्यात आहे. माझ्या मते पुनर्मुद्रणाचा पहिला मान या खोऱ्याचा. धरणाच्या आधीच्या गाव नकाशांची शीटे एकमेकांना जोडून पवनेच्या तळाचा एक अखंड नकाशा करा, आजच्या पाण्याची रेघ त्यावर फिक्या निळ्या रंगात काढा. विस्थापित झालेल्यांच्या प्रत्येक घरात तो भिंतीवर लागेल, हे मी लिहून देतो.

लोणावळ्याची गोष्ट निराळी. ते बुडाले नाही, फुगले. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. घाटातला मार्ग १८६३ च्या एप्रिलमध्ये. मधली पाच वर्षे प्रवासी खंडाळ्याला उतरून पालखीने किंवा घोड्याने खोपोलीपर्यंत घाट उतरत. त्या घाटाच्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक माणसे होती. पटकीने किती गेली त्याला गणती नाही. घाटात गाडी एका टोकाला जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट्या दिशेने चढू लागे, असे एक स्थानक होते. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते गेले. १८३० साली बांधलेला पूल, ज्याला आपण सगळे अमृतांजन पूल म्हणत होतो, तो २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत पाडला. वाहतुकीसाठी ते आवश्यक असेल, वाद घालत नाही. आता द्रुतगती मार्गाच्या नव्या ‘मिसिंग लिंक’चा बोगदा तर लोणावळा तलावाच्या तळाखालून काढला आहे. दोनशे वर्षांत या एका घाटाचा नकाशा इतक्यांदा बदलला, की एकावर एक ठेवून पाहिल्याशिवाय काही उलगडायचे नाही.

शहराचेही तसेच. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमधले लोणावळे म्हणजे इंजिनांचा कारखाना, रेल्वेची शाळा, दोन चर्च, मेसॉनिक लॉज आणि सहकारी दुकान. पर्यटकांचा पत्ता नाही. पुढे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले, १९४५ साली नौदलाचे ‘शिवाजी’ आले, मुंबईकरांचे बंगले त्याआधीपासून वाढतच होते. या शहरात ज्यांचे पूर्वज राहिले त्यांची यादी पाहा: गवळीवाड्यातली जुनी घरे, रेल्वेत चाकरीला आलेले कोकणी, गोवेकर आणि अँग्लो-इंडियन, मुंबईचे पारशी आणि बोहरी बंगलेवाले, टाटांच्या धरणांवरचे मजूर. यांच्या वंशजांतले कितीतरी जण आज दुसऱ्या देशांत आहेत. ब्रिटिश अमदानीत भारतात राहिलेल्या कुटुंबांचा माग काढणारी एक संस्थाच इंग्लंडात १९९८ साली निघाली, फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी. तिकडच्या माणसाला पूर्वज लोणावळ्याच्या रेल्वेत फिटर होता हे कागदावरून कळते. तो कुठल्या ओळीतल्या घरात राहत होता हे कळायला त्याला जुने शीट लागते, आणि नगर भूमापनाची चौकशी नोंदवही. ते शोधायला तो इथे येतो तेव्हा बाजारात त्याला चिक्की मिळते, नकाशा मिळत नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटांच्या बाबतीत लोणावळ्याची एक गंमत आहे. १८ अंश ४५ मिनिटांची अक्षांश रेषा गावातूनच जाते, आणि तीच ४७ एफ/५ आणि ४७ एफ/६ या दोन शीटांची शीव आहे. त्यामुळे गाव दोन कागदांवर फाटलेले. इतिहासाचा अभ्यास करणारा आधी एक शीट मिळवतो, ते पुरे नाही हे कळल्यावर दुसरे शोधत हिंडतो. पुनर्मुद्रणात तेवढी शिवण घाला. आणि सूचीत जुन्या इंग्रजी कागदांतली लोनौली, कार्ली, वरगाव, कँपूली ही रूपेही द्या. नाहीतर परदेशातला शोधणारा लोणावळ्यापर्यंत पोहोचायचाच नाही.

आता हरकतींबद्दल. पहिली हरकत संरक्षणाची येईल. समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातली सविस्तर शीटे वर्षानुवर्षे सामान्य माणसाला मिळत नसत आणि आमचा तालुका त्यात येई. त्याच काळात अमेरिकी लष्कराने याच सर्वेक्षणावरून केलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जगाला फुकट दिले होते, आणि आमच्याकडचे डोंगरभटके राजमाची-ढाकच्या वाटांसाठी तेच उतरवून घेत होते! १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने नकाशांबाबतचे नियम सैल केले, २०२२ साली राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. आता शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर पडदा ठेवण्याला काही अर्थ उरला नाही. एखाद्या आस्थापनेचा कोपरा आजही झाकायचा असेल तर तेवढा कोरा ठेवा, आमची तक्रार नाही.

दुसरी हरकत अधिक खरी आहे: छापील जुना नकाशा बाजारात आला की उद्या लोक तो घेऊन बांधावर उभे राहतील. राहतील, हे मान्य. त्यावर उपाय आपल्याच सवयीचा आहे. प्रत्येक प्रतीवर ठळक अक्षरांत छापा, ‘इतिहास-अभ्यासासाठी, मोजणी वा न्यायालयीन कामासाठी ग्राह्य नाही.’ कोर्टाला लागते ती सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल, ती आपल्या कार्यालयातूनच मिळते आणि मिळत राहील. शिवाय मला वाटते वाद नकाशाने वाढतो त्यापेक्षा नकाशा न पाहता अधिक वाढतो. ज्याच्या एकट्याच्या हातात कागद असतो तो बाकीच्यांना खेळवतो. कागद सगळ्यांच्या हातात असला तर दलालाचा निम्मा धंदा बसेल.

तिसरी गोष्ट हरकत म्हणून नव्हे, माझ्याही मनातली अडचण म्हणून लिहितो. या जुन्या नकाशांत महारवाडा, मांगवाडा असे लिहिलेले आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला, तो योग्यच. मग ती नावे आपणच पुन्हा छापायची का? मी यावर पुष्कळ विचार केला आणि माझे मत ‘छापावीत’ असे आहे. गावठाणापासून तो ठिपका किती लांब काढला आहे, विहीर कोणत्या बाजूला आहे, हे पाहिले की शंभर भाषणांत कळणार नाही ते कळते. शिवाय गावकामगार महाराच्या वतनी जमिनी १९५८ च्या कायद्याने वतन म्हणून संपल्या. त्या मूळ कुठे होत्या हे आज त्या घरांतल्या मुलांना जुन्या नकाशाखेरीज दुसरे कोण दाखवणार? नाव खोडले तर त्यांचाच इतिहास खोडला जाईल. नकाशा तसाच ठेवावा आणि मागच्या टिपणात, ही नावे त्या काळची आहेत, आज ती का टाकली, हे दोन ओळींत स्पष्ट लिहावे. मात्र या प्रश्नावर माझ्यासारख्याचे मत शेवटचे मानू नका. त्या वस्त्यांतल्या लोकांना विचारा आणि मग ठरवा.

नकाशात जे नाही तेही टिपणात आले पाहिजे. मोजणी महसुलासाठी झाली. जो सारा भरत नव्हता तो साखळीच्या टापूत आला नाही. डोंगरमाथ्यावरचे धनगर, रानातले कातकरी आणि ठाकर, घाटाच्या कामावर झोपड्यांत राहिलेली ती हजारो माणसे, यांच्यासाठी त्या कागदावर बहुधा नुसता पांढरा रंग आहे. टिपण लिहिणाऱ्याने त्या पांढऱ्या जागांत जाऊन म्हाताऱ्यांशी बोलावे. इथे इतिहासाचे शिक्षक आहेत, गडकोटांवर हिंडणारी पोरे आहेत, पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. माणसांची वाण नाही. वडगावचे टिपण तर कुणीही आनंदाने लिहील: १७७९ ची लढाई आणि तह, कार्ल्याला पडलेला इष्टुर फाकडा. तळेगावच्या टिपणात दाभाडे येतील, समर्थ विद्यालय येईल, १९०८ चा पैसाफंडाचा काच कारखाना येईल. अवघड टिपण आंदर मावळाचे. तेच आधी लिहायला द्या.

खर्चाचे आणि परवानगीचे काय? सरकारी प्रकाशनाचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीपासून ६० वर्षे टिकतो; मी मागतो आहे ते छापील नकाशे बहुतेक त्यापलीकडचे आहेत. गाव नकाशे ज्या परंपरेत छापले गेले ते शासकीय फोटोझिंको मुद्रणालय पुण्यातच आहे. आपल्या ई-नकाशा प्रकल्पात जुने नकाशे संगणकावर आणण्याचे काम चालू झालेलेच आहे. एक इंची शीटांसाठी डेहराडूनला एक पत्र लागेल, ते माझ्या पत्रापेक्षा आपल्या पत्राने लवकर हलेल. आणि सरकारने असे पूर्वी कधी केले नाही, असेही नाही: राज्याच्या दर्शनिका विभागाने १८८५ सालचे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर पुन्हा छापले आणि संगणकावरही आणले. आज मावळावर दोन ओळी लिहिणारा प्रत्येक जण ते उघडतो. शब्दांचे पुनर्मुद्रण झाले, रेघांचे राहिले.

एकदम सबंध राज्य घेऊ नका, म्हणजे समिती नेमावी लागणार नाही. चार शीटे करा: पवनेचे खोरे, आंद्रेचे खोरे, लोणावळा-खंडाळा आणि तळेगाव-वडगाव. दीडशे-दोनशे रुपये किंमत ठेवा. वडगावच्या कार्यालयात, लोणावळा स्थानकात, गावोगावच्या वाचनालयांत आणि शाळांत पोहोचवा. खपली नाहीत तर पाचवे छापू नका.

चारांतही पवनेचे आधी. धरणात पाणी भरले तेव्हा जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज साठी ओलांडून गेले आहेत. नकाशावर बोट ठेवून ‘हे आमचं घर, ही पाटलाची विहीर, इथनं शाळेला जायचो’ असे सांगू शकणारी शेवटची माणसे ती. छापलेल्या नकाशाची पहिली प्रत त्यांच्यापुढे पसरायची आणि त्यांनी सांगितलेले लिहून घ्यायचे, एवढे काम आम्ही मावळातले लोक बिनमोल करू. नकाशा तेवढा आपण द्या, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत द्या.



आपला,
एक मावळकर